गच्चीवर रिफ्रॅक्टर लावायचा आणि बिल्डिंगला दाखवायचा, तर कसं?

छोटा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, पुढे भिंग, मागे आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) आणि मधे लांब नळी, हा लोकांना दाखवायला सगळ्यात बेस्ट असं माझं स्पष्ट मत आहे. आरशाच्या मोठ्या दुर्बिणीतून जास्त दिसतं हे मान्य, पण तिचे आरसे जुळवत बसा, ती थंड व्हायची वाट बघा, आणि तोवर गच्चीवर आलेली निम्मी पोरं कंटाळून खाली पळालेली असतात. रिफ्रॅक्टर काढला, ट्रायपॉडवर चढवला, दहा मिनिटांत चंद्र तयार.

मी इथे ७० ते १०० मिमी भिंगाचे धरून लिहितोय, कारण बहुतेकांच्या घरी तेच असतात (वाढदिवसाला आलेले, नाहीतर लॉकडाऊनमध्ये घेतलेले, आता कपाटावर धूळ खात पडलेले). हिशोबासाठी ९० मिमी भिंग आणि ९०० मिमी फोकल लेंग्थ (भिंगापासून चित्र जिथे गोळा होतं तिथपर्यंतचं अंतर) असा समजू.

आधी मॅग्निफिकेशनचं भूत उतरवा. फोकल लेंग्थ भागिले आयपीसचे मिमी, एवढंच गणित आहे. ९०० ला २५ च्या आयपीसने भागलं की ३६ पट, १० च्या आयपीसने ९० पट. खोक्यावर ५०० पट वगैरे छापलेलं असतं त्याकडे बघूच नका, साधारण भिंगाच्या मिमीच्या दुप्पट ही वरची मर्यादा, म्हणजे आपल्या ९० मिमीला १८०, आणि तेही हवा एकदम शांत असेल तर. लोकांना दाखवताना तर ३६ ते ९० च्या मधेच राहायचं. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले तेव्हा त्याची नळी साधारण २० पटच मोठं दाखवत होती, हे गच्चीवर सांगून टाकायचं, मग "बस एवढंच?" म्हणणारे काका जरा गप्प होतात. सोबत फुकट आलेली प्लॅस्टिकची बार्लो लेन्स (पट वाढवणारं जादा भिंग) असेल तर ती खोक्यातच राहू दे.

एक खर्च मात्र करा. स्वस्त दुर्बिणीला ४५ अंशाचा प्रिझम येतो, तो दिवसा डोंगर बघायला ठीक, पण रात्री वर बघायचं म्हणजे मान मोडते. सव्वा इंची ९० अंशाचा स्टार डायगोनल (आयपीस काटकोनात वळवणारा तुकडा) घ्या. त्यातून चित्र सरळ दिसतं पण डावं-उजवं उलटतं, म्हणून लोकांना सांगताना "डावीकडचा ठिपका" म्हणण्याआधी स्वतः एकदा बघून घ्या कुठला कुठे आलाय ते.

फाइंडर (नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन) जुळवायचं काम दिवसाच उरकायचं. लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाईल टॉवरचं टोक दुर्बिणीत मधोमध आणायचं (२५ चा आयपीस लावून), मग नळीला धक्का न लावता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची खूण त्याच टोकावर आणायची, मग १० चा आयपीस लावून परत तपासायचं. अंधारात हे करायला गेलं की गुरू सापडेपर्यंत लोकांच्या जेवणाची वेळ होते. आणि हे करताना सूर्य नळीच्या आसपास नको, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

माउंटचं (नळी ज्यावर बसते आणि फिरते तो भाग) म्हणाल तर दाखवायला साधा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा अल्टॅझिमथ चांगला. इक्वेटोरियल (पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तारा धरून ठेवणारा) असेल तर त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे करावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुवतारा खूप खाली असतो, तो क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो जेवढा आपला अक्षांश, म्हणजे पुण्याला साडेअठरा अंश, मुंबईला १९, नागपूरला २१. इतक्या खाली अक्ष वाकवला की वजनाचा दांडा बऱ्याच ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. त्यात कोणीतरी "जरा इकडे फिरवा ना" म्हणालं की सगळं परत जुळवा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, जेवढे आखूड तेवढं हलणं कमी, आणि मधल्या ट्रेला पाण्याची बाटली भरलेली पिशवी अडकवली तर वाऱ्यात फरक कळतो.

रिफ्रॅक्टरची एक गंमत आहे जी आधी लक्षात येत नाही. आयपीस नळीच्या खालच्या टोकाला असतो, त्यामुळे जितकं वरचं बघाल तितकं तुम्हाला खाली वाकायला लागतं. डोक्यावरचा तारा दाखवायचा तर आजींना जवळजवळ जमिनीवर बसवावं लागेल, आणि तारा खाली असेल तर आयपीस इतका वर जातो की पहिलीतल्या पोराला पोचत नाही. म्हणून पब्लिकला दाखवायची गोष्ट ३० ते ५० अंश उंचीवर असेल अशी वेळ निवडायची. एक प्लॅस्टिकची खुर्ची मोठ्यांसाठी, एक पाट किंवा स्टूल पोरांसाठी, हे दुर्बिणीइतकंच महत्त्वाचं सामान आहे, विसरू नका.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री तीच गरमी वर सोडत राहतो, चंद्राच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या थरथरतात तो त्याचाच प्रताप. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आधी फार अपेक्षा ठेवू नका, शक्य असेल तर खाली मातीच्या मैदानावर लावा. एसीच्या आउटडोर युनिटवरून तर बघूच नका. दुर्बीण घरात एसीत असेल तर वीस-तीस मिनिटं आधी बाहेर आणून ठेवा. आणि हो, गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा, त्यांनाच पहिला नंबर द्या, पुढचे सगळे कार्यक्रम सोपे होतात.

आता कधी काय दाखवायचं. यासाठी वेगळं अ‍ॅप नको, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. शुद्ध पक्षात चंद्र दाखवायचा, वद्य पक्षात संध्याकाळी आकाश काळं असतं तेव्हा तारे दाखवायचे.

चंद्राचं सगळं सौंदर्य उजेड आणि अंधाराच्या सीमेवर असतं, कारण तिथे सूर्य नुकताच उगवतोय आणि सावल्या लांब पडतात. शुद्ध पंचमी-षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरांची रांग त्या सीमेजवळ असते, थिओफिलसच्या मधला डोंगर ९० पटीत सुरेख दिसतो. अष्टमीच्या सुमाराला चंद्राच्या साधारण मधोमध टॉलेमी आणि त्याखालची अल्फॉन्सस, अर्झाकेल ही विवरं, आणि वरच्या भागात अपेनाइन पर्वताची रांग, मला विचाराल तर वर्षभरात एकच रात्र दाखवायची असेल तर अष्टमी. नवमी-दशमीला कोपर्निकस आणि खाली क्लॅवियस, या क्लॅवियसच्या पोटात छोट्या विवरांची एक वळणदार माळ आहे, ती मोजायला पोरांना सांगा, दहा मिनिटं कोणी जागचं हलत नाही.

पौर्णिमेला सूर्य समोरून पडतो, सावल्याच नाहीत, चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा. पण कोजागिरीला सगळी बिल्डिंग आपणहून गच्चीवर असते, मसाला दूध आटत असतं, असा प्रेक्षक वर्षात परत मिळत नाही, मग दुर्बीण न लावून कसं चालेल! त्या रात्री विवरांच्या नादी न लागता टायको दाखवा. चंद्राच्या दक्षिण भागातलं हे विवर, त्यातून निघालेले पांढरे पट्टे पार चंद्रभर पसरलेत आणि ते पौर्णिमेलाच सगळ्यात छान दिसतात. मून फिल्टर असेल तर लावा, नसेल तर दुर्बिणीच्या पुढच्या झाकणाला छोटं भोक आणि त्याला वेगळी टोपी असते ना, ती छोटी टोपी काढा आणि मोठं झाकण तसंच ठेवा, उजेड आपोआप कमी होतो. हा जुगाड फक्त चंद्रासाठी, सूर्यासाठी चुकूनही नाही.

संकष्टीला पण चान्स असतो, उपास सोडणारी मंडळी चंद्रोदयाची वाट बघत वर येतातच. चंद्र तेव्हा क्षितिजाजवळ असतो म्हणून उकळल्यासारखा दिसतो, तासभर वर चढू द्या, त्याची एक कड सावलीत गेलेली असते तिथली विवरं मस्त दिसतात. गणेश चतुर्थीला मात्र कोणाला आग्रह करू नका, त्या दिवशी चंद्र बघायचा नसतो म्हणणाऱ्यांशी वाद घालून काय मिळणार, तसंही भाद्रपदात ढगच असतात.

दोन प्रश्न हमखास येणार. पहिला, अमेरिकेचा झेंडा दिसेल का? तर ९० मिमी भिंगातून चंद्रावरची साधारण अडीच किलोमीटरपेक्षा छोटी गोष्ट वेगळी ओळखू येत नाही, झेंडा तर सोडाच, अख्खं गाव असलं तरी दिसणार नाही. दुसरा, आपलं चांद्रयान कुठे उतरलं? चांद्रयान-३ चं विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते ६९ अंश दक्षिण अक्षांशाच्या जवळ, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या थोडं अलीकडे. सप्तमीच्या पुढे त्या भागात ऊन आलेलं असतं, तो खडबडीत, विवरांनी भरलेला दक्षिणेकडचा काठ दाखवून "इथे कुठेतरी" असं सांगायचं, यान दिसणार नाही हे माहीत असूनही लोक परत परत बघतात.

ग्रहांमध्ये गुरू सगळ्यात भरवशाचा. ३६ पटीत चार चंद्र एका रेषेत, ९० पटीत दोन गडद पट्टे. आयो पावणेदोन दिवसांतच गुरूला फेरी मारतो, म्हणून आठला चंद्रांची जागा कागदावर काढायला सांगा आणि साडेदहाला परत बघायला बोलवा, फरक कळतो. शनीचं असं आहे की २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्या दृष्टीने अगदी आडवी झाली होती, आता ती हळूहळू उघडतायत आणि २०३२ च्या सुमाराला मस्त पसरलेली असतील. तोवर "फोटोसारखं नाही दिसत" ऐकायची तयारी ठेवा. पण जवळजवळ आडवी असताना सुद्धा गोळ्याच्या आरपार गेलेली सुई दिसते आणि तेही भारीच असतं, शिवाय शेजारी शनीचा चंद्र टायटन ठिपक्यासारखा दिसतो, हायगेन्सने १६५५ मध्ये तो शोधला तो रिफ्रॅक्टरनेच. शुक्राच्या कला दाखवा, मंगळ २६ महिन्यांनी जवळ येतो तेव्हाच काढा, एरवी नुसतं लाल टिकलीएवढं दिसतं आणि लोक नाराज होतात.

वद्य पक्षात रिफ्रॅक्टरची खरी मजा म्हणजे जोडतारे, कारण भिंगाच्या दुर्बिणीत तारे बारीक टोकदार दिसतात. मार्च ते जूनमध्ये सप्तर्षी वर असतात, त्यात वसिष्ठाच्या बाजूला अरुंधती, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात तीच. आधी नुसत्या डोळ्यांनी दोघं वेगळे दिसतात का ते बघायला लावा (इथे आजी-आजोबा आणि नातवंडं अशी स्पर्धा लागते), आणि मग दुर्बिणीत दाखवा की अरुंधती बाजूला आहेच, पण वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. हा आयटम कधीच पडत नाही. पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरला संध्याकाळी पश्चिमेकडे हंस तारकासमूहाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा, एक सोनेरी, एक निळसर, शहरातून सुद्धा दिसतो.

पुंजक्यांसाठी सगळ्यात मोठा आयपीस लावा. कृत्तिका, पुष्य नक्षत्रातला पुंजका, आणि मे-जूनमध्ये विंचवाच्या नांगीजवळचा एम ७. फेब्रुवारीत मृगातल्या बाणाच्या खाली जो धुरकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ, त्याच्या मधे चार बारीक तारे. दक्षिणेला उघडं मैदान असेल, म्हणजे कोकणात, गोव्यात किनाऱ्यावर, तर एप्रिल-मेमध्ये ओमेगा सेंटॉरी हा पुंजका बघा, पुण्यातून तो जास्तीत जास्त २४ अंश वर येतो, युरोपातल्या बहुतेक हौशी लोकांना तो मिळतच नाही. देवयानी दीर्घिका शहरातून दाखवायचा हट्ट सोडा, तिथे फक्त धुकं दिसतं. तिच्यासाठी शहराबाहेर जा, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं, पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, अशा ठिकाणी आपला रिफ्रॅक्टर घेऊन गेलात की दुसऱ्यांच्या मोठ्या दुर्बिणीतूनही बघायला मिळतं.

चमकदार गोष्टींच्या कडेला जांभळी किनार दिसेल, ती बिघाड नाही. साध्या दोन भिंगांच्या ॲक्रोमॅटमध्ये सगळे रंग एकाच जागी गोळा होत नाहीत. नळी लांब असेल (एफ १० वगैरे, म्हणजे फोकल लेंग्थ भिंगाच्या दसपट) तर किनार कमी, आखूड जाड नळीत जास्त. ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या खास) काचेच्या दुर्बिणीत जवळपास जाते पण किंमत बघून घ्या, दाखवायच्या कामाला त्याची गरज नाही असं मला वाटतं.

रांग सांभाळायची पद्धत आता. पृथ्वी फिरते त्यामुळे गोष्ट आयपीसमधून सरकत जाते, ९० पटीत साध्या आयपीसमध्ये गुरू साधारण दोन-सव्वादोन मिनिटांत एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातो, ३६ पटीत पाचेक मिनिटं मिळतात. म्हणून दर माणसाला मधोमध आणून देत बसू नका, ज्या बाजूने आत येतो त्या कडेला ठेवा, दोघं-तिघं बघून होतात तोवर तो सरकत मधून जातो. सगळ्यांना आधीच सांगा की नळीला हात लावायचा नाही, हात मागे, डोळा आयपीसला चिकटवायचा नाही, एक बोट लांब ठेवायचा. लहान पोरं नेमका चुकीचा डोळा मिटतात, त्यांना एक डोळा हाताने झाकायला सांगा. फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं, सिलिंड्रिकल असेल तर चष्मा राहू दे. फोकसचं बटण त्यांच्या हातात द्या, स्वतः फिरवून चित्र स्वच्छ झालं की त्यांच्या तोंडून जो आवाज येतो त्यावरून खरंच दिसलं हे कळतं.

कारण नुसतं "दिसलं का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात, न दिसलेले पण, उगाच रांग अडायला नको म्हणून. त्यापेक्षा "किती ठिपके आहेत?" किंवा "अंधार कुठल्या बाजूला आहे?" असं विचारा, उत्तर चुकलं की परत बघू द्या. बघायच्या आधी काय दिसणार ते एका वाक्यात सांगा, लेक्चर नंतर. एका रात्री दोन, फार तर तीन गोष्टी. फोटोसाठी वेगळी दहा मिनिटं शेवटी ठेवा, नाहीतर प्रत्येकजण मोबाईल आयपीसला लावून अर्धा तास खातो. चंद्रावर बोट ठेवून फोकस लॉक करायचा आणि ब्राइटनेस खाली ओढायचा, बाकी काही नाही.

सूर्याबद्दल, आणि इथे मजा नाही. फिल्टर फक्त नळीच्या पुढच्या तोंडावर बसतो, पूर्ण भिंग झाकणारा, खास सूर्यासाठी बनवलेला, बाडरच्या अ‍ॅस्ट्रोसोलरसारखी फिल्म. आयपीसला लावायचा छोटा काळा सन फिल्टर दुर्बिणीबरोबर आला असेल तर तो फोडून फेका, गरमीने तडकतो आणि पुढच्या क्षणाला डोळा जातो. एक्स-रे, वेल्डिंगची काच, गॉगल, यातलं काहीही नाही. फाइंडर काढूनच ठेवा. फिल्म चिकटपट्टीने पक्की करा, दर वेळी आधी उजेडाकडे धरून भोक पडलंय का बघा, आणि दुर्बीण सोडून चहाला जाऊ नका, पाच वर्षांचं पोर फिल्टर ओढून काढू शकतं.

शेवटचं काम पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद असते आणि मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत भिंगावर बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा ती काचेच्या कोटिंगमध्ये शिरली की पूर्ण जात नाही. नळी आणि आयपीस घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या, रंग बदलला की तव्यावर हलक्या आचेवर गरम करून परत वापरायच्या. चामड्याच्या किंवा फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका. मधे एखादी कोरडी उघडीप मिळाली की डबा उघडून वारा द्या. थंडीत भिंगावर दव पडलं तर पुसायचं नाही आणि झाकणही लगेच लावायचं नाही, घरात नळी आडवी ठेवून पंख्याखाली सुकू द्या, मगच टोपी. धूळ असेल तर ब्लोअरने उडवा, थोडी राहिली तरी काही दिसत नाही. शर्टाच्या टोकाने पुसलं की चरे कायमचे. आणि पुढची दोन भिंगं सुट्टी करायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्यातलं अंतर आणि बाजू ठरलेली असते. सेकंड हँड घेत असाल तर पुढून तिरका टॉर्च मारून आत बघा, जाळी किंवा ढगाळ डाग दिसला तर किंमत कितीही कमी सांगितली तरी सोडून द्या.